कुमुदताईंच्या लांब बाह्या

लीड्सला मे महिन्यात एक दिवस असा उजाडतो, की सगळं गाव अंगावरचे कपडे उतरवून ठेवतं. आदल्या दिवशीपर्यंत माणसं कोटाच्या खिशात हात खुपसून बसची वाट बघत असतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरामागच्या पार्कात हिरवळीवर पाय ठेवायला जागा नसते. समोरचे आजोबा उघड्या अंगानं कुंपणाची झुडपं कापायला लागतात. मुली ऑफिसमधून परस्पर तिथेच येऊन पालथ्या पडतात. कापलेल्या गवताचा, बार्बेक्यूच्या धुराचा आणि सनक्रीमचा मिळून एक वास तयार होतो. तो दुसऱ्या कुठल्याच महिन्यात येत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर लालबुंद खांदे हिंडत असतात.

नवीन आले होते तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. आमच्या पुण्यात उन्हाला कोण असं भुलतं? आम्ही उन्हातून जाताना डोक्यावर ओढणी घेणारी, स्कार्फनं तोंड बांधणारी माणसं. आता मात्र हसत नाही. आता मे महिन्यातला तो वास नाकात शिरला की मला त्या एका वर्षीचा वसंत आठवतो.

कुमुदताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, सतीशची, मोठी बहीण. लग्न केलं नाही. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या आणि रिटायर झाल्यावर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिल्या. दर रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला ब्लाउज, मग बाहेर बर्फ असो की ऊन. आमच्या लग्नात, ऐन वैशाखात, मंगल कार्यालयाचे पंखेसुद्धा थकले होते, तेव्हाही त्यांचा रेशमी ब्लाउज मनगटापर्यंत होता. सगळ्यांनी मानलं, ही विलायतेतली फॅशन. माझ्या मावशीनं पुढच्या लग्नाला तसाच शिवून घेतला आणि घामानं हैराण झाली. आम्ही किती हसलो होतो तिला.

तर त्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी, वरणभात संपवून ताकाचा पेला हातात घेतल्यावर कुमुदताई म्हणाल्या की यंदा जूनमध्ये त्यांना फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रावर जायचंय. मी म्हटलं, छानच की. मग त्या शांतपणे म्हणाल्या की तिथला एक विशिष्ट किनारा त्यांनी शोधलाय. तिथे कुणी अंगावर कपडे ठेवत नाही. आणि मी सोबत आले तर त्यांना बरं वाटेल.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झालाय. मी हसून विचारलंसुद्धा, म्हणजे पोहण्याचे कपडे घालून ना? त्या म्हणाल्या, नाही, काहीच न घालता. आणि ताक प्यायल्या.

सतीश टेबलावरून उठला. मागच्या दारानं बाहेर गेला आणि नुकतीच धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. बहिणीच्या तोंडून असलं काही ऐकून भाऊ लाजला असणार, असं मी समजले. अडुसष्ट वर्षांची बाई, पहाटे स्तोत्र म्हणणारी, संकष्टीला चंद्र ढगात असला तरी त्याची वाट बघणारी, ती नागड्या माणसांत जाऊन बसायचं म्हणते! हिला काही झालं तर नाही ना, विसरभोळेपणाची ही सुरुवात तर नाही ना, अशी शंकाही आली. मी फिजिओथेरपिस्ट. म्हातारपणी माणसं अचानक कशी बदलतात ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी काम संपवून मी त्यांच्या घरी गेले. वाटेत मनात सगळी वाक्यं जुळवली होती. लोक काय म्हणतील, इथल्या मराठी मंडळात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि ताई, तुमचं वय. मी ती सगळी वाक्यं म्हटली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मी म्हणाले की तिथली माणसं बघतील हो तुमच्याकडे.

त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "सतीशनं तुला कधीच सांगितलं नाही?"

"काय?"

त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं. बाही एक घडी, दोन घड्या, अशी कोपराच्या वर नेली. मनगटापासून थोड्या अंतरापर्यंत त्यांचा हात माझ्या ओळखीचा होता, गव्हाळ, बारीक शिरांचा. त्याच्या वर पांढरं सुरू होत होतं. फरशीवर सांडलेलं पीठ कुणीतरी घाईनं पुसावं आणि मधेच सोडून जावं, तसं. दंडावर तर मूळ रंगाचे दोन-चार ठिपकेच उरले होते.

"असंच आहे सगळीकडे," त्या म्हणाल्या. "पोट, पाठ, मांड्या. तोंड आणि हातपंजे तेवढे देवानं सोडले."

कोड. हा शब्द त्या दिवशी त्या खोलीत कुणीच उच्चारला नाही, पण तो माझ्या डोक्यात वाजला, आणि वाजला तो माझ्या आजीच्या आवाजात, हलक्या, दार लोटून घेतल्यासारख्या.

मला धक्का डागांचा नव्हता बसला. कोड मी नोकरीत कितीदा पाहिलंय, ते कशानं होतं आणि कशानं होत नाही हे मला माहीत आहे. मी हादरले ती वेगळ्याच गोष्टीनं. लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि या घरातल्या मोठ्या माणसांत हे माहीत नसलेली मी एकटीच होते. डोळ्यांसमोरून एकेक प्रसंग उलटा जायला लागला. अनुजा, आमची मुलगी, तान्ही असताना कुमुदताई तिला न्हाऊ घालायला यायच्या. पायांवर बाळ, गरम पाण्याची वाफ, आणि त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत चिंब. मी दरवेळी म्हणायचे, ताई, बाह्या तरी सारा वर. त्या म्हणायच्या, असू दे, वाळतात. ओल्या बाह्यांनीच त्या बाळाचं अंग पुसायच्या, ओल्या बाह्यांनीच बसमधून घरी जायच्या. नोव्हेंबरात! मला ते त्यांचं वेंधळेपण वाटायचं.

घरी आले आणि सतीशला विचारलं. तो म्हणाला की आमच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईनं त्याला शपथ घातली होती. बहिणीला कोड आहे हे कळलं असतं तर मुलीकडचे पुढे आलेच नसते.

"मी नाही म्हणाले असते, असं वाटलं तुला?"

"मला काय माहीत, मीनल? तेव्हा मी तुला दोनदाच भेटलो होतो."

हे उत्तर खरं होतं. बावीस वर्षांची मी काय म्हणाले असते, हे मलाही सांगता आलं नसतं. माझ्या वडिलांचं काय उत्तर आलं असतं ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

"आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

नंतर, तो म्हणाला, कसं सांगायचं ते सुचेना. एकदा उशीर झाला की तो वाढतच जातो. आणि ताईनंही कधी विषय काढला नाही. पुढचे बरेच दिवस आम्ही बोललो ते फक्त गॅसचं बिल आणि भाजी यांविषयी.

कुमुदताईंनी मला बाकीचं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, त्या वसंतातल्या वेगवेगळ्या दुपारी. त्यांचं बालपण चिपळूणचं. वाशिष्ठीच्या पाण्यात भावंडांच्या आधी त्या पोहायला शिकल्या. बारा वर्षांच्या झाल्या आणि बेंबीच्या बाजूला पहिला डाग उठला, त्या दिवसापासून पोहणं बंद. आई मागच्या अंगणात दोन लुगडी आडवी टांगायची, डागांना बावचीचं तेल लावायची आणि कोवळ्या उन्हात लेकीला त्या आडोशात बसवायची. पलीकडे शेजारच्या मुली खेळत असायच्या. आवाज केलेला चालायचा नाही. "ऊन म्हणजे मला औषध, आणि तेही चोरून घ्यायचं," त्या म्हणाल्या. डाग काही गेले नाहीत. पुढे शिक्षण झालं, इंग्लंडमधली नोकरी मिळाली, आणि आईला हायसं वाटलं, कारण सतीशचं लग्नाचं वय जवळ येत होतं.

मी विचारलं की मग आत्ताच का. इतकी वर्षं झाकलं, तर आत्ताच का.

"अनुजाचं लग्न झालं ना," त्या म्हणाल्या. "आता माझ्यामुळे कुणाचं काही अडत नाही."

अनुजा ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते. मागच्या शरद ऋतूत तिनं कॉर्नवॉलच्या एका मुलाशी लग्न केलं. त्याच्या आईबापांना कोड हा शब्द माहीत नाही. माहीत असता तरी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं. आणि ही बाई लेकराला न्हाऊ घालण्यापासून तिच्या लग्नात हॉलच्या दाराशी उभी राहीपर्यंत, त्याच एका भीतीनं बाह्या मनगटापर्यंत ओढून होती. ज्या स्थळानं अनुजाला नाकारलं असतं ते स्थळ कधी येणारच नव्हतं.

अनुजाला मी फोनवर सांगितलं. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी आमच्या जेवणाच्या टेबलापुरतं. आधी तिला कळेचना की आत्यानं हे कशासाठी केलं. मी तिला आईवडील, स्थळ, नाकारणं असं सगळं इंग्रजीत समजावलं. "पण आई, मी तिला असा कधी सांगितला?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर मी कुमुदताईंना सांगितलं की मी येते.

म्हणायला सोपं होतं. आरशासमोर उभी राहिले तेव्हा कळलं काय कबूल करून बसलेय ते. नोकरीत मी रोज माणसांना म्हणते, शर्ट काढा, पॅंट गुडघ्याच्या वर घ्या, आणि त्यांचा संकोच मला दिसतसुद्धा नाही. आणि स्वतःचं पोट, त्यावरची सिझेरियनची शिवण, सुटलेली कंबर बघून मात्र मी बाथरूमचा दिवा मालवला. पहाटे उठून विचार करायचे की पाय मुरगळला असं सांगावं का.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचो. बाहेर चेरीचा मोहर गळत असायचा, आत आल्याचा चहा आणि खारी. त्या जागेचे नियम त्या चष्मा नाकावर ओढून वाचत. बसताना खाली स्वतःचा टॉवेल घ्यायचा. फोटो काढायचे नाहीत. कॅफेत जाताना अंगाभोवती काहीतरी गुंडाळायचं. आणि दुसऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. हा नियम त्यांनी दोनदा वाचला. "असा नियम केलाय बघ यांनी," त्या म्हणाल्या. पुष्कळ वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं की साध्या किनाऱ्यावर जाऊ, तुम्ही स्विमसूट घाला, तेवढंही पुष्कळ झालं. त्यांनी मान हलवली. साध्या किनाऱ्यावर सगळे झाकलेले असतात आणि म्हणून जे उघडं आहे त्याकडे नजर जाते, असं त्यांचं म्हणणं. "जिथे सगळेच उघडे, तिथे कुणी कुणाकडे बघत नाही म्हणतात. ते खरं आहे का एवढंच मला बघायचंय."

त्वचेच्या डॉक्टरांना त्या विचारून आल्या. पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरत्या उन्हातच बसायचं, आणि सगळ्यात जाड सनक्रीम चोपडायचं. जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून त्यांनी मोठ्या काठाची गवती टोपी आणली. गुढीपाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये श्रीखंडाची वाटी हातात घेऊन कुणीतरी विचारलं की यंदा कुठे जाणार. कुमुदताई म्हणाल्या, फ्रान्सला, समुद्रावर. मी घाईनं जोडून दिलं की जुनी चर्चंही बघायची आहेत. त्या माझ्याकडे बघून गालात हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं दोघींचं असं काहीतरी गुपित होतं.

मेमधला तो पहिला उन्हाचा दिवस आला. मी आमच्या बागेत खुर्च्या टाकल्या. त्या आल्या, पार्कातले पोरांचे आवाज ऐकत बसल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी ब्लाउजवरचा पातळ कार्डिगन काढला. आत बिनबाह्यांचा होता. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला आणि तो त्यांना कळला. "बघ की," त्या म्हणाल्या. मग मी बघितलं. चांगलं, वेळ घेऊन बघितलं, आणि क्रीमची बाटली उघडली. सतीश स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन आला होता. तो तिथेच थांबला. कप आत ठेवून तो वर निघून गेला. त्याला राग आला होता की लाज वाटली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची माझीही तयारी नव्हती.

जूनमध्ये आम्ही गेलो. पाइन झाडांच्या रांगेतून वाळूची वाट खाली जात होती आणि त्या डिंकाच्या वासात समुद्राचा खारा वास मिसळलेला होता. वाट संपली तिथे एक साधी पाटी होती. पाटीच्या पलीकडे माणसं. मी तयारी करून गेले होते तरी माझे पाय जागच्या जागी थांबले. काय काय कल्पना केली होती! आणि होतं काय, तर आमच्याच वयाची माणसं, पोटं सुटलेली, गुडघे दुखणारी, कुणी शब्दकोडं सोडवतंय, कुणी पीच खातंय आणि रस हनुवटीवरून पुसतंय. एका बाईला एकच स्तन होता आणि ती वाळूत छत्री रोवत होती. ती रोवली जाईना म्हणून वैतागली होती.

मी टॉवेलखाली धडपडत, स्वतःशी भांडत एकेक कपडा काढत बसले. कुमुदताईंना तेवढा वेळ लागला नाही. त्यांनी सगळं नीट घडी करून पिशवीत ठेवलं, टोपी कपड्यांवर ठेवली, आणि उठून उभ्या राहिल्या. मी प्रथमच त्यांची पाठ पाहिली, जवळजवळ पूर्ण पांढरी, मणक्यापाशी गव्हाळ रंगाची एक पट्टी उरलेली. त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. त्या माणसांच्या मधून सरळ चालत पाण्यापर्यंत गेल्या. मी प्रत्येकाचा चेहरा बघत होते, कोण बघतंय, कोण कुणाला कोपरानं ढोसतंय. शब्दकोडंवाल्यानं पाय थोडे आखडून त्यांना वाट दिली. मान वर केली नाही.

त्या पोहल्या. हात विसरले नव्हते. दूर गेल्या, परत आल्या, आणि ओल्या अंगानं माझ्याशेजारी येऊन बसल्या. दात वाजत होते. मला वाटलं आता हसतील. त्या म्हणाल्या, "कुणीच बघत नाही गं," आणि तो आवाज तक्रारीचा होता, कुणीतरी फसवल्यासारखा. मग गुडघ्यांत डोकं घालून त्या रडल्या. "इतकं सोपं होतं, मीनल?"

मी त्यांच्या पाठीवर टॉवेल टाकला आणि मग तो काढून घेतला, कारण ऊन अजून कोवळं होतं आणि अंग सुकायला तेवढं पुरे होतं. आम्ही तशाच बसलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगावरही काही नाही आणि मला त्याचा विसर पडलाय.

परत आलो तेव्हा मॅंचेस्टरला पाऊस होता, वारा होता, जूनला शोभणारं काहीच नव्हतं. एअरपोर्टच्या दारातून बाहेर पडलो. कुमुदताईंच्या अंगात आखूड बाह्यांचा फुलाफुलांचा ब्लाउज, तिथल्याच बाजारात घेतलेला. दोन्ही दंड उघडे. सतीश गर्दीत उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं, मग बहिणीच्या हातांकडे बघितलं, आणि या वेळी त्यानं पाठ फिरवली नाही. जवळ येऊन त्यानं एका हातात तिची बॅग घेतली आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना तिनं त्याचा धरला असेल तसा, आणि कार पार्कपर्यंत सोडला नाही. लोक आजूबाजूनं जात होते. एका लहान मुलीनं वळून बघितलं. त्यानं हात काढला नाही.

गाडीशी पोचल्यावर त्यानं विचारलं, "थंडी वाजत नाही का तुला, ताई?"

"वाजतेय की," त्या म्हणाल्या. "वाजू दे."